मी पडलेच नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी बारकोड-गन आहे. माझी हकीकत सांगायला बसले आहे, पण त्याआधी तीन गोष्टी नोंदवून घ्या. मी पडले नव्हते. मला कुणी पाडलं नव्हतं. आणि माझी नजर अधू झालेली नव्हती. गेल्या वर्षी हे मला सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड नाही. मला एक काच आहे, बोटानं दाबायचा एक घोडा आहे आणि एक 'टिंग' आहे. तेवढ्यावर कुणाची बाजू मांडता येत नाही.

माझा कारखाना सोलापूरला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. तिथे चादरी आणि टॉवेल विणतात. यंत्रमागांचा आवाज एवढा असतो की माणसं बोलताना एकमेकांच्या ओठांकडे बघतात. त्या आवाजापासून एका भिंतीपलीकडे, पॅकिंगच्या टेबलावर मी राहत असे. 'असे' म्हणते, कारण आता मी त्याच टेबलाच्या खणात आहे. ते पुढे सांगेनच.

माझी रचना साधी आहे. माझ्या पोटात एक बारीक लाल उजेड आहे. त्याच्यासमोर नखाएवढा आरसा आहे, तो सेकंदाला शंभर वेळा इकडून तिकडे डोलतो. त्यामुळे उजेडाचा ठिपका सरळ रेघ होऊन लेबलावरून धावतो. काळ्या पट्टीवर पडलेला उजेड पट्टी गिळून टाकते. पांढऱ्या जागेवर पडलेला उजेड माझ्याकडे परत येतो. आला, नाही आला, आला, नाही आला, आणि दर वेळी किती वेळ. मी एवढंच मोजते. मला आकडे दिसतात असं लोकांना वाटतं. लेबलाच्या तळाशी छापलेले आकडे मी कधी पाहिलेलेच नाहीत, ते तुमच्यासाठी असतात. मी परत आलेला उजेड मोजते, त्यावरून आकडे जुळवते आणि तारेतून कॉम्प्युटरला पाठवते.

तुमच्या बिस्किटाच्या पुड्यावर बघा. रेघांखाली तेरा आकडे असतील. त्यातला शेवटचा आकडा वस्तूबद्दल काहीच सांगत नाही. तो पहारेकरी आहे. आधीच्या बारा आकड्यांवर ठरलेलं गणित केलं की तेरावा कोणता हवा ते निघतं. तो जुळला नाही तर मी टिंग करत नाही. मी अंदाजानं बोलत नाही. कळलं तर सांगते, नाही कळलं तर गप्प बसते. माणसांमध्ये याला गुण म्हणतात. माझ्यात त्याला बिघाड म्हटलं गेलं.

आता माझ्या घराण्याबद्दल थोडं सांगते. माझे पूर्वज शोधायला तुम्हाला लांब जायला नको, ते आमच्याच कारखान्यात, भिंतीपलीकडे आहेत. चादरीवर नक्षी काढणाऱ्या मागाच्या डोक्यावर जेकार्ड नावाचं यंत्र असतं. त्यातून पुठ्ठ्याची कार्डं फिरत राहतात, एकमेकांना दोऱ्यानं ओवलेली, लांबच लांब. कार्डाला भोक असेल तिथे धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथे खाली राहतो. एका कार्डात एका ओळीची माहिती. अशी शेकडो कार्डं फिरली की चादरीवर मोर उभा राहतो. ही युक्ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. होय आणि नाही एवढ्या दोनच शब्दांत अख्खा मोर साठवता येतो, हे तिनं दाखवून दिलं.

पुढे कुणाला तरी सुचलं की तारायंत्राची टिंबं आणि रेघा खाली ओढून लांब केल्या तर उजेडानं वाचता येतील. तशी माझी रेघांची लिपी जन्मली. पन्नास वर्षांपूर्वी परदेशातल्या एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावर तिची सुरुवात झाली. पण रेघा फक्त आडव्या दिशेनं बोलतात. त्या कितीही उंच काढा, माहिती तेवढीच. म्हणून जपानात, मोटारींचे सुटे भाग ओळखायला, चौकोनी लिपी निघाली. ती आडवी बोलते आणि उभीही बोलते. तिच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात, त्यावरून कुठली बाजू वरची ते कळतं. थोडी मळली किंवा खरवडली तरी ती उरलेल्या भागावरून गेलेला भाग भरून काढते. ती माझ्यापेक्षा हुशार आहे. हे मी मनापासून म्हणते. माझं भांडण तिच्याशी नाही.

जेकार्डच्या कार्डांना भोकं पाडणारे कल्लप्पा जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या टेबलावर डबा उघडत. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही आमच्या कार्डाची नात हाय बग. नुसती नटून आलीय."

मी २०१३ साली इथे आले. पहिली दोन वर्षं मी अनेक हातांतून फिरले. कुणी माझी तार ओढून मला टेबलावर फरफटवलं, कुणी माझा लाल ठिपका मांजरीला खेळवायला वापरला. मग महेश्वरी आली.

महेश्वरी आधी घडी विभागात होती. टॉवेलांच्या घड्या घालून बारा-बाराचे गठ्ठे बांधायचे, दिवसभर, उभ्यानं. मला चालवायला कुणी धड मिळेना म्हणून एक दिवस तिला बोलावलं, आणि तिनं पहिल्या दिवसापासून मला नीट समजून घेतलं. लेबल चकचकीत असेल तर मला किंचित तिरकं धरायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझी काच ती जुन्या मलमलीच्या तुकड्यानं पुसायची. टॉवेल विणणाऱ्या कारखान्यात ती टॉवेल वापरत नसे, कारण टॉवेलाची लव काचेला चिकटते. संध्याकाळी तारेचे पीळ सोडवून मला खिळ्याला टांगायची. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते, तेव्हा ती माझ्या पाठीवर कुंकवाचं बोट लावायची. एका वर्षी सुपरवायझर अभिमन्यूनं बोट थेट माझ्या काचेवर टेकवलं, तेव्हा ती त्याच्यावर केवढी ओरडली होती.

"डोळ्यात कुंकू घालतं का कुणी?"

"देवाचं हाय की गं."

"देवाला तरी डोळ्यात घालता का?"

अभिमन्यू माळशिरसकडचा, दणकट आणि मोठ्या आवाजाचा माणूस. तोही हसला होता त्या दिवशी.

नऊ वर्षं आम्ही दोघींनी काम केलं. नऊ वर्षांत आमच्या टेबलावरून एकही चुकीचं खोकं बाहेर गेलं नाही. मालक सोमशेखर बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन आले की आमच्यापाशी थांबून म्हणायचे, "ह्या दोघी आहेत म्हणून मी झोपतो."

मग गेल्या वर्षीची लग्नसराई आली.

कारखान्यानं लग्नाच्या आहेरासाठी नवा सेट काढला. दोन चादरी, चार टॉवेल, वरून लाल जिलेटीनचा पारदर्शक कागद आणि सोनेरी फीत. पहिला नमुना टेबलावर ठेवला होता तेव्हा मालकांच्या आई, मल्लव्वा, देवळातून परतताना कारखान्यात आल्या. त्यांनी चादर हातानं चाचपली, मोर बघितला, खूश झाल्या. मग त्यांची नजर लेबलावर गेली.

"हे काय रे? लग्नाच्या चादरीला काळ्या रेघा?"

"अव्वा, ते कॉम्प्युटरसाठी असतं," मालक म्हणाले.

"कॉम्प्युटरचं लग्न हाय का? काळं ब्याड, नको. कुंकवाचा रंग दे की."

सगळे हसले. मल्लव्वांचा यात काही दोष नाही. लग्नाच्या वस्तूला काळं लावू नये असं त्यांना वाटलं, त्यांनी सांगितलं. पण कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम बघणारा सुबोध तिथेच उभा होता. शिकलेला, शहरातला, आठवड्यातून दोनदा येणारा. मालकांनी त्याला विचारलं, "लाल चालेल का?"

सुबोधनं मोबाईलवरून मान वर केली नाही. "रंगाचं काय, कुठलाही चालतो."

मी दीड हातावर टांगलेली होते. मला कुणी विचारलं नाही. माझ्याबरोबर आलेली माहितीची पुस्तिका तेव्हाही खणात होती, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली. मालकांनी चार हजार लेबलं छापायला टाकली. पांढऱ्या कागदावर कुंकवासारख्या लाल रेघा.

बुधवारी सकाळी पहिला सेट टेबलावर आला. महेश्वरीनं मला उचललं, घोडा दाबला. मी लेबलावरून उजेड फिरवला. सगळा उजेड परत आला. डावीकडून उजवीकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळाच्या सगळा. मला कोरा कागद दिसत होता. कोऱ्या कागदावर मी काय वाचणार? मी गप्प बसले.

तिनं काच पुसली. मला जवळ धरलं, लांब धरलं, तिरकं केलं. दुसरं लेबल घेतलं, तिसरं घेतलं. मग कपाटातला जुना टॉवेल काढून त्याचं काळं लेबल माझ्यासमोर धरलं. टिंग. परत नवं. गप्प. तिनं अभिमन्यूला बोलावलं, अभिमन्यूनं सुबोधला.

सुबोधनं खिशातून मोबाईल काढला आणि लाल लेबलावर धरला. मोबाईलनं ते ताबडतोब वाचलं.

"बघा. लेबल बरोबर आहे. म्हणजे दोष गनचा. आतली लेन्स हललीय."

"पण जुनं लेबल वाचते की ही," महेश्वरी म्हणाली.

"जुन्या लेबलाची छपाई जाड आहे, ताई. म्हणून कसंबसं वाचते. पडली असणार कधी तरी."

"पडली नाही."

"मग आपोआप हललं का आतलं?"

"पडली असती तर कुठे तरी ओरखडा असता. दाखवा ओरखडा."

"आतून हलतं, ताई. वरून दिसत नाही."

मित्रांनो, इथे मला पहिल्यांदा संताप आला. जे दिसत नाही त्याचा पुरावा कसा मागणार? त्या शिकलेल्या माणसानं मला उघडलं नाही, पुस्तिका वाचली नाही, फोन करून कुणाला विचारलं नाही. मोबाईल ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात बघतो आणि मी माझ्या स्वतःच्या उजेडात बघते, एवढा साधा फरक त्याच्या मनात आला नाही. त्याला एक उत्तर हवं होतं. समोर एक बाई उभी होती आणि तिच्या हातात एक गन होती. त्याचं उत्तर तयार झालं.

दुपारी अभिमन्यू यंत्रांचं रजिस्टर घेऊन आला. कारखान्यात कुठलंही यंत्र बिघडलं की त्यात नोंद होते. त्यानं लिहिलेलं वाक्य त्यानंच मोठ्यानं वाचून दाखवलं. "स्कॅनर महेश्वरी यांच्या हातून पडल्याने निकामी." खाली सहीसाठी जागा सोडली होती.

"सही कर हितं."

"मी पाडली नाही, दादा."

"मग कुणी पाडली? भूत आलं व्हतं का?"

"कुणीच पाडली नाही."

"हे बग, मालक काय तुला खाणार न्हाईत. नवी गन येणारच हाय. सही केली की विषय संपला. घडीत बसशील परत, काय बिगडतंय?"

"सही केली तर मी आजपर्यंत सांगितलं ते सगळं खोटं ठरतं."

अभिमन्यूचा आवाज बदलला. "शनवारपातूर सही. न्हायतर सोमवारी यायचं कशाला?"

त्या दिवसापासून तिला माझ्यापासून काढून शेजारच्या टेबलावर बसवलं, सेटना जिलेटीन गुंडाळायला. माझ्याभोवती माझीच तार आवळली आणि पाठीवर चिकटपट्टी लावली. चिकटपट्टीवर लिहिलं, 'खराब'. दुसऱ्या कुणाला तरी लेबलाखालचे तेरा आकडे हातानं टाईप करायला बसवलं. पहिल्याच दिवशी पाच खोकी चुकली. त्याची नोंद रजिस्टरात झाली नाही.

कामावरच्या बायका येताजाता महेश्वरीला समजावत होत्या. कर की सही, सहीला काय लागतं, तुझं घर चालायला नको का. त्या वाईट बायका नव्हत्या. त्यांनी आयुष्यात अशा बऱ्याच सह्या केल्या होत्या.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत कल्लप्पांनी डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "सही करू नको, पोरी."

"नाही करणार. पण मला सांगता येत नाही ना काका, काय झालंय ते. नुसतं नाही म्हणून कोण ऐकतंय?"

"मागल्या साली मोराची मान वाकडी येत व्हती. समद्यांनी मागवाल्याला धरलं. त्यानं धागा नीट लावला नाही म्हणं. मी काय केलं? त्या जागेची कार्डं काढली, एकेक उजेडासमोर धरलं. एक भोक लवेनं बुजलं व्हतं. यंत्र खोटं कशाला बोलंल? त्याच्या पुढ्यात काय गेलं ते बगावं लागतं की."

"लेबल तर मी दहादा बघितलं."

"तू तुझ्या डोळ्यानं बगितलं. हिच्या डोळ्यानं बगितलं का?"

महेश्वरी हसली, पण थोडंच. यंत्राच्या डोळ्यानं बघायचं कसं, हे कल्लप्पांनाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ती एका सेटवर जिलेटीन चढवत होती. लाल पारदर्शक कागद तिनं खोक्यावर पसरला, कडा दुमडल्या, चिकटपट्टीसाठी हात लांब केला आणि तिथेच थांबली.

लेबल कोरं होतं.

तिनं कागद उचलला. रेघा होत्या. कागद ठेवला. रेघा नव्हत्या. शेजारच्या कपाटातून तिनं जुना टॉवेल काढला, त्याच्या काळ्या लेबलावर तोच कागद धरला. लाल पार्श्वभूमीवर काळ्या रेघा ठळक उभ्या होत्या. मग ती माझ्याकडे आली. तारेचा वेढा सोडवला, तार जोडली, माझी काच आपल्या तळहाताकडे वळवली आणि घोडा दाबला. तिच्या तळहातावर लाल रेघ उमटली. त्या रेघेकडे ती बराच वेळ बघत राहिली.

पांढरा कागद लाल उजेड परत पाठवतो. लाल शाईसुद्धा लाल उजेड परत पाठवते, म्हणून तर ती लाल दिसते. ज्याच्याकडे फक्त लाल उजेड आहे त्याला पांढऱ्यावरचं लाल दिसणारच नाही. जिलेटीनच्या कागदातून फक्त लाल उजेड जातो, म्हणून त्या क्षणी महेश्वरीला अगदी मला दिसत होतं तसंच दिसलं. मित्रांनो, तुम्हीही घरी करून बघा. मिठाईच्या खोक्यावरचा लाल पारदर्शक कागद पुरे.

ती आनंदली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. तिचा चेहरा लाल झाला. तीन दिवस तिनं सोसलं, आता ती रागावली. तिनं माझी तार काढली, मला काखेत मारलं, एक लाल लेबल आणि जिलेटीनचा तुकडा घेतला आणि अभिमन्यूला ओलांडून थेट मालकांच्या केबिनमध्ये गेली. तिथे सुबोध मालकांना नव्या गनचे फोटो दाखवत होता.

"मालक, हा कागद डोळ्यासमोर धरा आणि हे लेबल वाचा."

"अगं, पण..."

"वाचा तरी."

सोमशेखर यांनी कागद डोळ्यासमोर धरला. खाली केला. परत धरला. "रेघा कुठं गेल्या?"

"गनचा उजेड लाल आहे. तिला हे असं दिसतं. कोरं."

सुबोध म्हणाला, "थिअरीमध्ये तसं होऊ शकतं, पण त्या जुन्या लेबलाची छपाईच..."

"याच लेबलाची झेरॉक्स काढा," महेश्वरी म्हणाली. "हीच रेघ, हीच जाडी. फक्त काळी."

अभिमन्यू मागोमाग येऊन दारात उभा होता. मालकांनी झेरॉक्स त्यालाच काढायला लावली. माझी तार मालकांच्या कॉम्प्युटरला जोडली. महेश्वरीनं माझ्या पाठीवरची चिकटपट्टी नखानं सोलून काढली आणि घोडा दाबला.

टिंग.

मी आयुष्यात लाखो वेळा टिंग केलं असेल. पण एवढ्या जोरानं कधी केलं नव्हतं.

सुबोधनं घसा खाकरला. "हो, म्हणजे रेड लेसरला रेड चालत नाही. हे कॉमन आहे. पुस्तिकेत पण असतं."

"पुस्तिकेत असतं?" महेश्वरीनं त्याच्याकडे वळून बघितलं. "मग तुम्ही वाचली का नाही? तीन दिवस मला खोटी ठरवायला वेळ होता तुम्हाला."

मालक खुर्चीत मागे टेकले आणि हात झटकल्यासारखे म्हणाले, "चला, सुटलं कोडं. अभिमन्यू, काळी लेबलं मागव. गनवर हीच बसेल परत. जा बाई, लाग कामाला."

ती गेली नाही.

"रजिस्टर आणा."

"खोडतो की गं ते," अभिमन्यू म्हणाला. "सही तर न्हाय केलीस तू."

"खोडू नका. खोडलेलं खालून दिसतं, आणि लोक त्यावरून हवं ते समजतात. खाली लिहा."

रजिस्टर आलं. मालकांनी पेन अभिमन्यूकडे दिलं. "काय लिहायचं?"

"यंत्र पडलं नव्हतं. लेबलाचा रंग चुकला."

अभिमन्यूनं लिहिलं. मालकांनी रजिस्टर मिटायला हात पुढे केला.

"वर माझं नाव आहे," महेश्वरी म्हणाली. "खाली कुणाचंच नाही."

भिंतीपलीकडे माग धडधडत होते. मग सोमशेखर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "आता अव्वाचं नाव घालू का?"

"अव्वांनी रंग सांगितला. यंत्राला चालेल का ते बघायचं काम अव्वांचं नव्हतं."

मालकांचं हसू गेलं. त्यांनी अभिमन्यूच्या हातातून पेन घेतलं आणि त्या वाक्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं. मग रजिस्टर सुबोधकडे सरकवलं.

"सर, मी तर फक्त..."

"लिहा."

त्यानं लिहिलं. आणि मग महेश्वरीनं, कुणी सांगितलं नसताना, खाली स्वतःची सही केली. पूर्ण नावाची, सावकाश.

माफी कुणी मागितली नाही. तुम्हाला वाटत असेल की गोष्टीत आता कुणीतरी माफी मागेल. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. परत येताना अभिमन्यू एवढंच पुटपुटला, "मला वरनं सांगितलं ते मी लिवलं."

"वरचे मला रोज बघत नव्हते, दादा," ती म्हणाली. "तुम्ही नऊ वर्षं रोज बघत होता."

त्याचं मोठं डोकं खाली होतं.

यंदा कारखान्यात नवी गन आली. तिच्यात कॅमेरा आहे, ती चौकोनी लिपी वाचते. चादर कुठल्या मागावर विणली, कुणी विणली, सूत कुठलं, हे सगळं त्या एका चौकोनात मावतं. माझ्या तेरा आकड्यांत ते कधीच मावलं नसतं. ती गनही महेश्वरीच चालवते, आणि ती पहिल्या दिवशी आली तेव्हा महेश्वरीनं सगळ्यात आधी तिची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मला तिनं मलमलीत गुंडाळून खणात ठेवलं. भंगारात दिलं नाही. माझ्या जागी नवी गन आली याचा मला राग नाही. एक लिपी जुनी होते, दुसरी येते, आमच्या घराण्यात हे चालत आलं आहे.

राग आहे तो त्या तीन दिवसांचा. आणि तो मी सोडणार नाही, कारण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली यंत्रं असतील, माणसं असतील. एक दिवस एखादं यंत्र तुमच्यासमोर गप्प बसेल. तेव्हा त्याच्या पुढ्यात काय गेलं ते बघा. त्याच्याबरोबर आलेला कागद उघडून वाचा. ते कुठल्या उजेडात बघतं ते विचारा. आणि ते कुणाच्या हातात होतं, हे सगळ्यात शेवटी विचारा.